टाकीच्या कोपऱ्यातला उजेड

आमच्या घरात काडी ओढायच्या आधी विचारावं लागायचं. आई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून म्हणायची, "लावू का?" मग बाहेरच्या खोलीतून बाजेची करकर ऐकू यायची. बाबा उठायचे, पायात चपला सरकवायचे आणि हातपंपापर्यंत चालत जायचे. चपलांची फटफट लांब गेली की आई काडी ओढायची. स्टोव्हसुद्धा वातीचा. पंपाचा पितळी स्टोव्ह तिने बाबा दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकला होता, कारण तो पेटला की फरफरायचा, आणि तो आवाज कानावर पडला की बाबा घामाघूम होऊन भिंतीला हात टेकून उभे राहायचे. देवापुढची उदबत्ती, सगळे जिला आईच्या मानाने दाई म्हणत त्या शेजारच्या फूलबाईच्या चुलीवर पेटायची आणि आईच्या पदराआडून आमच्याकडे यायची. "झन डर बहू," दाई आपल्या बोलीत आईला धीर द्यायची, "सब ठीक हो जाही." ती दोन वर्षं दिवाळीला आमच्या दारात पणती लागली नाही. विजेची एक माळ सोडली होती, तिच्यातले निम्मे दिवे बंद.

बाबा पंडरीच्या बाजारामागे एका गॅरेजात टाकीवाले होते. मोटरसायकलची, स्कूटरची, जीपची, कुठलीही पेट्रोलची टाकी गळायला लागली की लोक तिथे आणायचे आणि बाबा ती पितळेच्या डागाने बुजवायचे. टाकीला आग दाखवायच्या आधी तिला सोड्याने धुवायचं आणि गळ्यापर्यंत पाण्याने भरायचं, हा त्या कामातला पहिला धडा. आत पाणी असलं की पेट्रोलच्या वाफेला राहायला जागा नाही, आणि वाफ नाही तर भडका नाही. भरल्यावर बाबा मधल्या बोटाच्या पेराने टाकीवर टकटक करायचे आणि कान लावायचे. रिकामी टाकी वेगळी बोलते, भरलेली वेगळी. त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं की पत्रा कुठे सडला आहे. एक दिवस अशीच एक जीपची टाकी त्यांच्या पुढ्यात फुटली. दोन्ही हात कोपरापर्यंत, मानेची डावी बाजू आणि कान भाजला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "मी पाणी भरलं होतं."

कोणी विश्वास ठेवला नाही. गॅरेजचे सेठ भले माणूस, दवाखान्यात दोनदा आले, पण दाराबाहेर मामाला म्हणाले, "पानी भरा होता तो फटती क्या? भूल गया होगा बेचारा." मामाने ते आईला सांगितलं, आईने कोणाला सांगितलं नाही आणि तरी ते सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, माहीत झालं. हळूहळू बाबांनीही ते वाक्य म्हणणं सोडलं. मी आज हे लिहिते आहे तेव्हा खरं तेच लिहिलं पाहिजे: मलाही वाटत होतं की ते विसरले असतील. अठरा वर्षांची होते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, आमच्या घराण्यात कॉलेजचं दार पाहिलेली पहिली मुलगी, आणि आपल्याला सगळं कळतं अशा तोऱ्यात होते. तोऱ्याच्या आत मात्र भीती होती, कारण मामाने कपड्याच्या एका दुकानात माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. दसऱ्यापर्यंत बाबा कामावर गेले तर ठीक, नाहीतर दसऱ्यानंतर मी दुकानात उभी राहणार आणि कॉलेज बंद. आई सकाळी रात्रभर भिजवलेल्या बासी भातात ताक आणि कांदा कालवून माझ्यापुढे ठेवायची आणि मी जेवत असताना माझ्या वह्यांकडे बघत बसायची.

तशात एका दुपारी पप्पू भैया आले. शंकर नगरात राहणारे, मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल उडवणारे. त्यांची गाडी परदेशी, जुनी, उंच, काटेरी चाकांची. बाबांनी कधीकाळी त्या गाडीच्या सायलेन्सरला डाग दिला होता, तेव्हापासून ते बाबांना 'नामदेव दादा' म्हणायचे. काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर निघाली टाकी. घोड्याच्या खोगिरासारखी, दोन्हीकडे पंख उतरलेली, आणि प्लास्टिकची.

"दादा, तीन पेंटर हार गये," पप्पू भैया म्हणाले. "रंग मारते हैं, आठ दिन में फोड़े आ जाते हैं. नई मिलती नहीं. कंपनी ने बनाना ही बंद कर दिया."

टाकीवरचा निळा रंग खरंच फोडांनी भरला होता. काही फुटलेले, काही आत हवा धरून फुगलेले. आईने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा बाबांच्या हातांकडे, आणि आत निघून गेली.

बाबांनी टाकीवर पेराने टकटक केली. कान लावला. पुन्हा टकटक केली. मग दोन वर्षांत पहिल्यांदा ते हसले. "हे बोलतच नाही," ते म्हणाले. "मुकी आहे." आणि पप्पू भैयांना समजावून सांगितलं की लोखंड पेट्रोल पीत नाही, हे प्लास्टिक पिते. प्यायलेलं पेट्रोल भिंतीतून हळूहळू बाहेर येते आणि रंगाला आतून ढकलते. याच्यावर रंग कधीच टिकणार नाही. "रंग नको मारू भैया. याचं मेलेलं कातडं काढा लागते. खाली मूळचं पांढरं निघते."

"तो आप निकाल दो न दादा."

बाबा टाकीपासून मागे सरले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोट्टी काढंन."

मी पडवीत वही घेऊन बसले होते. मला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या मुलीबद्दल बोलत आहेत.

कॉलेजातून आल्यावर मी रोज अंधार पडेपर्यंत ती टाकी मांडीवर घेऊन बसायचे. आधी दाढीची पत्ती उभी धरून निळा रंग खरवडला. त्याखाली निघाली ती पिवळट, खडूसारखी भुरकट पाठ, जुन्या दातांच्या रंगाची. तीही पत्तीने खरवडायची. पत्तीखालून केसांसारखे बारीक तंतू निघायचे आणि आईच्या तांदळाच्या सुपात जाऊन पडायचे. "आज भातात प्लास्टिक खाऊ घालतं का बापाले?" आई ओरडायची. मग पाणीपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा काळा कागद. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. बाबा बाजेवरून सांगायचे. जवळ यायचे नाहीत, टाकीला हात लावायचे नाहीत, पण आवाजावरून त्यांना कळायचं. "कागद भरला, धू." "एकाच जागी काहून घासून राहिली? खड्डा पडंन." माझी बोटं सुजली, नखांखालची कातडी गेली, आणि प्रॅक्टिकलला परीक्षानळी धरताना झोंबायला लागलं. पण टाकी उतरत होती. पिवळेपणा गेला, आणि जुन्या रंगाखाली दडलेली एक गोष्ट दिसायला लागली: उजेडाकडे धरली की ती दुधी काचेसारखी आतून उजळायची. माझ्या हाताची सावली पलीकडून दिसायची. मी बाबांना ते दाखवलं. त्यांनी नुसती मान हलवली.

चौदाव्या दिवशी सगळ्यात बारीक कागद संपला. टाकी पांढरी होती, पण मेल्यासारखी पांढरी, चुन्याच्या भिंतीसारखी. मी म्हटलं, "बाबा, चमक नाही आली."

ते बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "कागदानं नाही येत चमक. आगीनं येते."

मडगार्डं, प्लास्टिकच्या पट्ट्या ते गॅरेजात अशाच चमकवायचे. हवा भरून पेटवायच्या ब्लो लॅम्पचा जाळ भरभर वरून फिरवायचा, थांबायचं नाही, वरचं कातडं क्षणभर पाघळतं आणि आरशासारखं बसतं. त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौदा दिवस ते मला घासायला लावून हे एक वाक्य गिळून बसले होते, त्यांच्यात ते म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. आणि टाकी पेट्रोल प्यायलेली होती. मी तिला सोड्याने सहा वेळा धुतलं होतं, तरी झाकण उघडलं की नाकात तो वास यायचा.

"कोण फिरवणार?" मी विचारलं.

बाबांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे करून पाहिले. ते थरथरत होते. अजून आग कुठेच नव्हती, नुसता शब्द निघाला होता.

त्या रात्री आई जेवायला बसली नाही. "टाकी वापस करून टाक," ती म्हणाली. "माह्या घरातलं एक माणूस जळलं ते पुरे आहे. दुकानात उभी राहीन पोट्टी, जिती तं राहीन." मी तिला पुस्तकातली भाषा ऐकवली. पाणी भरलं की वाफेला जागा राहत नाही, आणि मागे पाणी असलं की प्लास्टिकही वितळत नाही, सगळी उष्णता पाणी ओढून घेतं. आई म्हणाली, "तुह्या बापानंही पाणी भरलं होतं म्हणे." आणि लगेच तोंडावर हात ठेवला. बाहेर बाजेची करकर झाली. चपला हातपंपाकडे गेल्या, काडी ओढायची नसताना.

मी माघार घेतली नाही; टाकी तशीच परत गेली तर बाबा पुन्हा कामावर जाणार नाहीत, हे मला दिसत होतं. शूर होते म्हणून नाही. दुकानाची भीती आणि आगीची भीती शेजारी ठेवली, तर मला त्या वयात दुकानाची जास्त वाटली इतकंच. आज माझ्या मुलीने असं करायचं म्हटलं तर मी तिला खोलीत कोंडून ठेवीन.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच मी टाकी मागच्या अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडावर ठेवली आणि तांब्या तांब्याने भरली, पाणी गळ्यातून सांडेपर्यंत. ती दिवसभर उन्हात राहू द्यायची होती, कारण गार टाकीवर जाळ फिरवला की दव धरतं आणि डाग पडतात. पाच वाजता पप्पू भैयांनी आणून दिलेला ब्लो लॅम्प मी घेतला. आईने दाईला बोलावून घेतलं होतं, आणि त्या दोघी पाण्याने भरलेल्या बादल्या आणि एक ओलं पोतं घेऊन न्हाणीपाशी उभ्या होत्या. दाईच्या ओठांत देवाचं नाव चाललं होतं. बाबा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते, माझ्यापासून पंधरा पावलांवर. त्यांच्याच्याने त्याहून जवळ येववत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

टाकीच्या गळ्यात पुन्हा एकदा पाहिलं. पाणी काठोकाठ. मी पेराने टकटकही केली, बाबांसारखी. मुकी ती मुकीच. मग म्हटलं, "लावू का?"

आजवर हा प्रश्न बाबा उठून जाण्यासाठी विचारला जायचा. त्या दिवशी ते उठले नाहीत. "लाव," म्हणाले, पण आवाज त्यांचा वाटला नाही.

लॅम्प पेटला आणि फरफरायला लागला. तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी टाकीच्या बाजूला मातीतच गुडघे टेकले. सूर्य माझ्या पाठीमागे उतरत होता आणि टाकीवर त्याची नुसती तिरीप येत होती, मला तिच्यात काही दिसत नव्हतं. गळ्याच्या बाजूने मी सुरुवात केली. जाळ वरून गेला आणि मेलेला पांढरा रंग माझ्या डोळ्यांदेखत ओला झाला, चकाकला. एक हात. दोन हात. पंख चमकला. भीतीच्या आत मला एकदम आनंद झाला, आणि मी जाळ मागच्या टोकाकडे सरकवला.

"शालू!"

ती हाक मी कधी विसरणार नाही. मान वळवेपर्यंत बाबा माझ्या अंगावर होते. पंधरा पावलं त्यांनी कशी तोडली मला माहीत नाही. त्यांनी माझ्या हातातला पेटलेला लॅम्प उघड्या हाताने धरला, जाळ आकाशाकडे केला आणि चावी फिरवून बंद केली. आई किंचाळली. दाईने एक बादली आमच्या दोघांवर रिकामी केली. मी ओली होऊन मातीत बसले आणि मला कळेना की काय झालं, कारण काहीच झालं नव्हतं.

"काय झालं जी?" आई रडत विचारत होती. "काय झालं?"

बाबा टाकीच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते. "इकडून पाह्य," ते मला म्हणाले. "उन्हाकडून नाही. माह्याकडून पाह्य."

मी उंबऱ्याकडे गेले आणि त्यांच्या जागेवरून पाहिलं. मावळतीचं ऊन टाकीतून आरपार येत होतं. जिथे पाणी होतं तिथे टाकी गडद, निळसर, भरलेली दिसत होती. आणि मागच्या वरच्या कोपऱ्यात, दोन तळव्यांएवढ्या जागेत, पिवळा स्वच्छ उजेड होता. तिथे पाणी नव्हतं. माझा जाळ त्या उजेडापासून चार बोटांवर आला होता.

धुण्याचा दगड उतरता असतो. पाणी मोरीकडे वाहून जावं म्हणून आमच्याकडे तो तसाच बसवतात, आणि रोज त्याच्यावर कपडे आपटणाऱ्या माझ्या कधी ते ध्यानात आलं नाही. टाकी तिरपी बसली होती. गळा खालच्या बाजूला, मागचं टोक वर. पाणी गळ्यातून सांडलं आणि मी भरली म्हणून खूश झाले, वरच्या टोकात हवा अडकून राहिली. दिवसभराच्या उन्हात भिंतीतलं प्यायलेलं पेट्रोल त्या हवेत उतरलं. तिथे मागे पाणी नाही, म्हणजे ती भिंत माझ्या जाळाखाली दोन क्षणांत पाघळून तिला भोक पडलं असतं. पुढचं मी पुढे कितीतरी वर्षं वर्गात मुलींना शिकवलं आहे, फळ्यावर, खडूने, हात न थरथरता.

बाबांनी गळ्याच्या बाजूला अर्धी वीट सारली. टाकी गुडगुडली, एक मोठा बुडबुडा गळ्यातून बाहेर आला आणि अंगणभर पेट्रोलचा वास पसरला. दाईने नाकाला पदर लावला. बाबांनी तांब्या घेतला आणि ओतायला लागले. वरून दोन तांबे पाणी मावलं.

रिकामा तांब्या हातात धरून ते तसेच उभे राहिले. मग खूप हळू म्हणाले, "जीपची टाकी ठोकळ्यावर होती. एका बाजूनं."

त्यांनी तांब्या दगडावर ठेवला.

"मी पाणी भरलं होतं, शालू."

"हो बाबा," मी म्हटलं. "भरलं होतं." आणि मला इतकी लाज वाटली की मी वर पाहू शकले नाही. लोखंडातून दिसत नाही. त्यांनी भरलं होतं, टकटक केली होती, कान लावला होता, आणि कोपऱ्यातली हवा त्यांना कोणीच दाखवली नव्हती. दोन वर्षं ते स्वतःच्याच वाक्यावर विश्वास ठेवू शकले नव्हते. आम्ही ठेवू दिला नव्हता.

त्यांनी टाकी सगळ्या बाजूंनी उन्हात पाहिली. कुठेच उजेड उरला नव्हता. लॅम्प पंच्याने कोरडा केला, हवा भरली. हात थरथरत होतेच, भीती काही एका दुपारी जात नाही. ती शेवटपर्यंत थोडी राहिली, आणि टाकीच्या कामात थोडी असावीच असं ते पुढे म्हणायचे. मग त्यांनी काड्यांची पेटी मागितली. आईने ती पदराला पुसून दिली आणि मागे सरली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"लावू का?"

आई हुंदका देत हसली. "लावा," ती म्हणाली. ती कुठेही गेली नाही.

सूर्य बुडायच्या आत टाकी झाली. दुधासारखी पांढरी, अशी की तिच्यात न्हाणीचं दार आणि आमची चार तोंडं वाकडी वाकडी दिसत होती. पप्पू भैया न्यायला आले तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "दादा, ये तो कंपनी से भी ऐसी नहीं आई थी." बाबा म्हणाले, "पोट्टीनं केली." ते पूर्ण खरं नव्हतं. पण मी नाही म्हटलं नाही, तेव्हाही आणि आताही.

दसऱ्याच्या आधीच बाबा गॅरेजात गेले. सेठना त्यांनी एवढंच सांगितलं की टाकी सपाट जागेवर भरायची आणि गळा सगळ्यात वर ठेवायचा, आणि जीपच्या टाकीचं काय झालं होतं तेही सांगितलं, सगळ्या कारागिरांसमोर, एकदाच. त्या गॅरेजात पुढे त्यांच्या हयातीत एकही टाकी फुटली नाही. मी दुकानात उभी राहिले नाही. तीन वर्षांनी मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. निकालाच्या दिवशी आईने देवापुढची उदबत्ती आमच्याच स्टोव्हवर पेटवली, कोणाला न विचारता.